हातातली कोमट नळी

रक्त काढून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "काकू, जरा धरता का?" आणि माझ्याच रक्ताची नळी माझ्या हातात देऊन ती लेबल शोधू लागली. आमच्या गावात वर्षानुवर्षं चाललेल्या आरोग्याच्या अभ्यासात मी पहिल्यापासून आहे, पण आपलं रक्त हाताला इतकं कोमट लागतं हे आज कळलं.

लेबलवर नुसता नंबर होता. "तुम्ही कोण ते कुणालाच कळायचं नाही," ती हसून म्हणाली.

माझं नाव लपलं, पण रक्तातलं कसं लपेल? शेवटी शेवटी आईला आम्ही ओळखू येईनासे झालो होतो. तिच्या आईचंही तेच झालं. ते या नळीत असेल तर?

"यातून माझ्या मुलीचंही काही कळेल का गं?"

"पुढेमागे कळेलही, काकू. फ्रीजरमध्ये हे खूप वर्षं राहतं."

म्हणजे मी नसेन तेव्हाही हे असेल. कुणी अनोळखी माणूस एके दिवशी ते तपासायला घेईल, आणि माझ्या मुक्ताचं मुक्ताच्या आधी त्याला कळेल. संमतीच्या कागदावर सही मी केली होती. तिला कुणी विचारलं? मी तरी कुठे विचारलं?

नळी बर्फाच्या डब्यात गेली तरी तळहाताची ऊब जाईना. तेवढ्यात मुक्ताचा फोन आला.

"आई, झालं का रक्त देऊन? दुखलं नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं. तुझंही दिलं, हे काही तोंडातून निघेना.