मामांनी राखलेलं तळं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅनडात कामावर होते. मामा म्हणजे माझे सासरे, निमोण्याचे शेतकरी. अंत्यविधीला पोहोचणं शक्यच नव्हतं. सव्वा महिन्यानं आता कुठे गावी आले आहे... आणि आल्यापासून नुसती बसून आहे.

सासूबाई गेल्यावर मामा एक अख्खा हिवाळा आमच्याकडे राहिले होते. घरामागं लहानसं तळं आहे. ते गोठलं की माझी लेक सई त्यावर स्केटिंग करते. आमच्या यांची पाठ धरलेली, माझ्या नोकरीच्या पाळ्या; तळ्याचं सगळं काम मामांनीच अंगावर घेतलं. वर भुसभुशीत हिम साचून राहिलं तर खालचा बर्फ नीट धरत नाही, हे त्यांनी पंधरा दिवसांत ओळखलं. मग फावड्यानं ते ओढायचं, कडेला भोक पाडून बोटांनी जाडी बघायची, भेगांवर नळीनं पाण्याचा पातळ थर सोडायचा. जन्मभर उसाला पाणी दिलेला माणूस! सकाळी साफ केलेलं दुपारी पुन्हा पांढरं. "सरतच न्हाई की गं ह्ये," म्हणायचे, गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठायचे.

सईच्या वाढदिवसाला मैत्रिणी स्केटिंगला येणार होत्या. नेमकं आधीचे तीन दिवस ऊन पडलं. मामा काठावर वाट अडवून उभे राहिले. "आज कुणी उतरायचं न्हाई. खालनं पोकळ झालंय." सई रडायला लागली. मी कामावरून दमून आलेली, मुलींसमोरच बोलून गेले, "मामा, इथलं तुम्हाला काय कळतं?"

ते जागचे हलले नाहीत. तासाभरानं शेजाऱ्यांचा कुत्रा तळ्यावर धावला आणि मधोमध खचला... धडपडत कसाबसा बाहेर आला. मुली काठावरून मागं सरकल्या. मामांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. थंडी परतली तसं त्यांनी पुन्हा फावडं उचललं. माफी आज मागू, उद्या मागू, म्हणता म्हणता मार्चमध्ये त्यांना विमानात बसवलं.

काल त्यांच्या खोलीत गेले. खुंटीवर तिकडचे जाड हातमोजे होते. जाऊबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यातबी काढू दिलं न्हाईत. म्हणायचं, तिकडच्या सुनंनं घेऊन दिल्यात, आसू द्या."

मी ते उतरवले. उजव्या मोज्याचा तळवा फावड्याच्या दांड्यानं घासून फाटला होता. तिथं त्यांनी सुतळीचे टाके घातले होते. आतून बोट फिरवलं तर गाठी टोचल्या. हिवाळाभर हे हातमोजे रोज माझ्या दारात वाळत होते... मी एकदाही हातात घेऊन पाहिले नव्हते.