‘नाही’च्या जागी ‘होय’

लोकशाहीत प्रत्येक मत पवित्र असते, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. त्यातल्या एका मताचे मी काय केले, हे मात्र आजवर कुणालाच सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते. दया नको—आधीच बजावून ठेवते.

बासष्टची निवडणूक नुकतीच झाली होती. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी ‘ग्रामीण स्त्री आणि मतदान’ असा अभ्यास काढला. सरांना परक्यांच्या स्वयंपाकघरात जाता येईना, म्हणून मी. वर्गातली एकुलती एक मुलगी. शास्त्राला माझी गरज चुलीपर्यंतच होती. प्रकाशा नावाच्या गावाकडच्या खेड्यांत छापील तक्ते घेऊन हिंडायचे. त्यातला एक प्रश्न: पतीच्या सांगण्यावरून मत दिले का?

ओट्यावर उत्तरे पुरुषच द्यायचे. दगाजी पाटील तर चिडलेच—“तिले काय पुशी ऱ्हायनी, बाई? आमना घरमा एकच मत शे. होय लिखी ले!”

आत त्यांची बायको, भागाबाई, भाकरी थापत होती. बाहेरचा कानोसा घेऊन म्हणाली, “त्यास्नी सांगं तठे मी ठप्पा मारा नही. पडदाना मांगे कोन देखस? मन्हा मनमा ऊनं तठे मारा.”

“आणि घरी?”

“घरमा हो म्हनी दिन्हं! तुन्हं लगीन व्हवू दे, मंग समजी तुले.” पोटभर हसली. मग पिठाचे बोट तक्त्याकडे करून म्हणाली, “लिख ना, पोरी. कोठे तरी लिखेल ऱ्हावू दे.”

मी लिहिले—‘नाही’.

आता कसे सांगू? सरांचा निष्कर्ष आधीच टाइप झाला होता: स्त्री पतीच्याच मताने मत देते, अपवाद आढळला नाही. अपवाद माझ्या पिशवीत होता. परतीच्या एस.टी.त मी खोडरबर काढले. कागद जरा फाटला, ‘होय’ मात्र ठसठशीत आले.

सरांनी दटावले होते? नाही, ते तोंडाने काहीच बोलले नव्हते. भागाबाईला जपायला केले? तक्त्यावर नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. मग भोळी होते? पहिल्या वर्गात पास होत होते मी! मला या अभ्यासाच्या पुस्तकावर सरांच्या शेजारी नाव हवे होते आणि कॉलेजात नोकरी. दोन्ही मिळाले. दोन्ही आवडले.

लोक मला स्त्री-मतदारांची जाणकार म्हणू लागले. सभांत हार घातले, मी मान पुढे केली. पुरुषांनी बायकांना गप्प केले म्हणता? एकीला तरी मी केले, आणि माझे अक्षर त्यांच्यापेक्षा चांगले होते.

पुढे ‘ग्रामीण स्त्री कुणाच्या मताने मत देते?’ हा प्रश्न दरवर्षी परीक्षेत मीच काढत असे. एखादी मुलगी लिहायची, आमच्याकडे बायका मनाने मत देतात. तिचे मी दोन गुण कापत असे.