जीपची पुढची सीट

कडूबाला उभ्या जन्मात गावानं कधी 'राव' लावलं नव्हतं. जाफराबादच्या जीपमध्ये तो मागं, लोकांच्या पिशव्या मांडीवर घेऊन जायचा. पोरगा कल्याण अग्निवीर झाला आणि एका दिवसात त्याचा कडूबाराव झाला. चौकात पोराचं फ्लेक्स लागलं, पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि जीपवाल्या भिवानं आपल्या शेजारची सीट त्याच्यासाठी राखली. फौजीचा बाप मागं बसत नसतो म्हणे! कडूबाला हे असं अंगवळणी पडलं, की काही काम नसलं तरी तो जाफराबादला जाऊन यायचा.

तिसऱ्या वर्षी कल्याण सुट्टीवर आला तो अंगदला घेऊन. अंगद बदनापूरकडचा, जातीतलाच, कल्याणसारखाच अग्निवीर. जेवण झाल्यावर त्यानं आपलं ताट आपणच घासलं. कडूबाची बायको द्वारकाबाई तिथंच खूश झाली. लेक साधनानंही आईला हळूच होकार कळवला. दुसऱ्या दिवशी अंगद गेल्यावर कल्याणनं बापाजवळ बहिणीच्या लग्नाचा विषय काढला.

कडूबानं तंबाखू मळत ऐकून घेतलं. फ्लेक्सला सलाम ठोकणारं गाव सोयरिकीच्या वेळी जे बोलतं, तेच तो बोलला.

"पोरगं चांगलं हाय. पण नोकरी चारच वर्षांची. चारातल्या एकाला ठेवतेत, बाकीचे घरी. मंग काय, वॉचमनला पोरगी देऊ?"

कल्याणनं बापाकडं बघितलं.

"बाबा, मंग माझं काय?"

तुझी गोष्ट वेगळी, असं कडूबा म्हणाला खरं, पण काय वेगळी ते त्याला सांगता येईना. पोराच्या जिवावर तीन वर्षं खुर्ची उबवलीत आणि आता तोंड वर करून हे बोलता, असं द्वारकाबाईनं त्याला सुनावलं. ते त्याला झोंबलं. नकार मात्र त्यानं मागं घेतला नाही. साधना दोन दिवस जेवली नाही.

सुट्टी संपली. कल्याणला जाफराबादपर्यंत सोडायला कडूबा निघाला. भिवानं कौतुकानं पुढचं दार उघडलं आणि बापलेकांना दाटीवाटीनं पुढंच बसायला सांगितलं. कल्याण बॅग घेऊन सरळ मागं गेला.

"तुम्ही बसा पुढं," तो बापाला म्हणाला. "अजून एक वरीस हाय."

कडूबाला वाटलं, आपणही मागं जावं, पोराशेजारी बसावं. पण थांब्यावरची माणसं बघत होती. तो पुढं बसला.