मेंढ्यांची वाट बघताना

लेक कोलोराडोच्या डोंगरात बारा हजार फुटांवर मेंढ्या मोजते, हे आमच्या गावातल्या, नेपरव्हिलमधल्या मैत्रिणींना सांगताना माझी जीभ अडखळायची. कम्प्युटरमध्ये मास्टर्स करून फ्रीमाँटला नोकरीला लागलेली मुलं सांगायला सोपी असतात. जुलैत ती दगडांवरून घसरली, गुडघ्याला सहा टाके पडले आणि माझं बूड घरात टिकेना. आठवड्याची रजा टाकली, मीठ-मोहरीची डबी सामानात घातली आणि तिच्या तंबूत जाऊन थडकले.

तिचं काम म्हणजे बसून राहणं. समोरच्या उतारावर खारट मातीचा एक पट्टा होता. तो चाटायला कोण येतं, किती वेळ थांबतं, कोण कोणाला हुसकतं, हे दुर्बिणीतून बघून ती वहीत लिहायची. बिगहॉर्न नावाच्या या रानमेंढ्या इथल्या मूळच्या. पांढऱ्या रानशेळ्या माणसांनी मागाहून आणून सोडलेल्या. शेळ्या आल्या की मेंढ्या बहुतेक वेळा भांडत नाहीत, गुपचूप निघून जातात. खालच्या दगडांत मार्मट हे खारीच्या जातीचे गुबगुबीत प्राणी शिट्ट्या मारायचे आणि पायका नावाचा मुठीएवढा प्राणी हिवाळ्यासाठी गवत वाळत घालायचा. त्यांचं कोणाशी वाकडं नव्हतं. लेक मात्र तीन आठवडे कोकरं असलेल्या मेंढ्यांची वाट बघत होती. त्या अजून या पट्ट्यावर येतात असं दिसलं, तरच पुढच्या उन्हाळ्यात इथलं काम चालू राहणार होतं.

मला दहा मिनिटं बसवायचं नाही. ढग आला की वीज पडेल वाटायचं, ती उठली की पुन्हा घसरेल वाटायचं. पाणी पी, टोपी घाल, गुडघा दाखव, माझी टकळी चालूच. पहिल्या दुपारी ती दुर्बिणीला डोळा लावून बसली होती, तेव्हा मी मागे उभी राहून हळूच तिची दृष्ट काढली. विस्तव पेटवायला बंदी होती, म्हणून मीठ-मोहरी पट्ट्याच्या वाटेवरच्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला टाकली. एका मुठीने माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, दोन मुठी घेऊन.

तिसऱ्या सकाळी चार शेळ्या आणि एक करडू त्या दगडापासून हलायला तयार नव्हती. वरच्या कड्यावर मेंढ्या दिसल्या, थबकल्या आणि मागे फिरल्या. लेक सॅटेलाइट फोनवर तिच्या साहेबांना मेसेज लिहायला लागली, की शेळ्यांनी ही जागा बळकावली आहे, मेंढ्यांनी ती सोडलेली दिसते. तेवढ्यात माझं लक्ष करडाकडे गेलं. ते दगडाच्या बुंध्याशी जमीन चाटत होतं आणि त्याच्या ओठाला मोहरीचे दाणे चिकटले होते. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं.

"पाठवू नकोस," मी म्हटलं. "तिथे मीठ मी टाकलंय. तुझी दृष्ट काढली."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. किती मीठ, कधी, कुठे, एवढंच तिने विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांच्या नोंदींवर तिने काट मारली. मग आम्ही दोघींनी चमच्यांनी ती माती खरवडून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली. शेळ्या थोड्या अंतरावर उभ्या राहून बघत होत्या. चाटायला काही उरलं नाही, तशा त्या हळूहळू पलीकडच्या उतारावर गेल्या.

"आई, आता तू खाली जा, प्लीज," ती म्हणाली.

"अगं, मीठ सगळं उचललं की."

"मीठ नाही. तू सारखी उठतेस, बोलतेस. दे कॅन सी यू. तू इथे असलीस तर त्या येणार नाहीत."

माझी भाड्याची गाडी उभी होती त्या पार्किंगपर्यंत दोन तासांची उतरण होती. मी माझं सामान आणि मातीच्या पिशव्या घेऊन एकटीच उतरले, रडत उतरले, आणि गाडीत बसून तिच्या मेसेजची वाट बघत राहिले.

दुपारी मेसेज आला. "आल्या. नऊ मेंढ्या, चार कोकरं. तू गेल्यावर तासाभरातच."

मी दोनदा वाचला. तिच्यासाठी आनंद झाला, आणि जिवाला फार लागलंही. 'छान' असं उत्तर पाठवलं. रजेचे तीन दिवस शिल्लक होते. मी एअरलाइनला फोन लावला आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं करून घेतलं.