अक्का नावाची कमांड

इतरांना दिसू नये म्हणून कीबोर्डवर हात आडवा धरून टाइप करणाऱ्या माणसाचा अक्कांना जितका संताप येई, तितका चोराचाही येत नसे. ‘मशीन तुना बापनं शे का? बठ्ठासले दखू दे!’ म्हणजे, सगळ्यांना बघू दे. एरवी त्या ऑफिसात प्रमाण मराठी बोलत. रागात मात्र अमळनेरची अहिराणी बाहेर येई.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या धुळ्यातल्या एका दैनिकाच्या वितरण विभागात होत्या. मी तिथंच वार्ताहर होतो. काचेच्या खोलीत मुख्य संगणक, बाहेर त्याला जोडलेले टर्मिनल. गावोगावच्या गठ्ठ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यावरून छापल्या जात. काळ्या पडद्यावर कमांड दिल्याशिवाय काही हलत नसे, आणि कमांड माहीत असणं हीच तिथली प्रतिष्ठा होती. छपाई अडकली की संगणक विभागाचे साहेब येत, अंगानं पडदा झाकून दोन शब्द टाइप करत आणि पडदा पुसूनच वळत. ते चहाला गेलेले असले तर सगळा विभाग हात बांधून बसे.

अक्कांनी यावर उपाय केला. टर्मिनलवर रोमन अक्षरांत ‘अक्का’ टाइप केलं की उपयोगी कमांड सूचनांसह समोर येत. ‘छपाई अडकली तर हे द्या. घाबरू नका.’ कुणाला नवी कमांड सापडली की त्यानं तिथंच भर घालायची आणि खाली आपलं नाव द्यायचं. कुणी वहीत उतरवू लागलं तरी त्या चिडत. ‘वही घरी जाते. इथं लिहा.’ एक नोंद त्यांची स्वतःची होती. ‘काही पुसण्याआधी आपण फायलींच्या कोणत्या कप्प्यात आहोत ते या कमांडनं पाहा. मी पाहिलं नव्हतं. दिवस वाया गेला.’

गठ्ठ्यांचं काम पाहणाऱ्या नानांनी एकदा भर घातली. ‘अक्का, माझं नाव आलं का पडद्यावर?’

‘आलं नाना. आता चुकलं तर शिव्याही तुम्हालाच.’

साहेबांनी ‘अक्का’ कधी उघडलं नाही. ‘शाळेचं पुस्तक आहे ते,’ असं ते म्हणत. एका संध्याकाळी जागा मोकळी करायला त्यांनी जुन्या फायली पुसल्या. कप्पा चुकला. साक्री आणि शिंदखेड्याच्या चिठ्ठ्याही पुसल्या गेल्या, एसटी सुटल्या, गठ्ठे पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी व्यवस्थापकांना पुसणाऱ्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की धोक्याच्या कमांड सगळ्यांच्या हाती दिल्यानंच हे घडलं. ‘अक्का’ काढून टाका. साहेब शेजारीच उभे होते.

‘मी नाही काढणार,’ अक्का म्हणाल्या. ‘ज्यांनी काल पुसलं त्यांनाच सांगा. सवय शे त्यासले.’

साहेब टर्मिनलसमोर बसले. बोटं थबकली. मागं न बघता त्यांनी हळूच विचारलं, ‘अक्का, कप्पा पाहायची कमांड कोणती?’

‘तीबी त्यामाच शे.’

साहेबांनी पहिल्यांदाच ‘अक्का’ टाइप केलं. वाचलं. तिथल्या कमांडनं कप्पा तपासला आणि तिथल्याच कमांडनं सगळं पुसलं, नानांच्या नावासकट. या वेळी चूक झाली नाही.

अक्का त्याच महिन्यात नोकरी सोडून अमळनेरला गेल्या. पुन्हा भेट नाही. साहेबांना बढती मिळाली.

मला अहिराणी बोलता येत नाही. कुणी कीबोर्डवर हात आडवा धरला, की तेवढं एक वाक्य येतं.