फळ्यावरचं अक्षर

बिडकीनजवळच्या आमच्या गावात स्टँडसमोर ग्रामपंचायतीचा काळा फळा आहे. नळाला पाणी कधी, कुणाचा दशक्रिया विधी, लसीकरण कुठं, सगळं तिथंच कळतं. तो लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळच्या एसटीची वाट बघत त्याचे हात तेवढे बघायचो. खडू पाण्यात बुडवून लिहायचा, म्हणजे वाळल्यावर अक्षर पांढरंशुभ्र दिसायचं. ग्रामसेवकाच्या सहीचा कागद पाहिल्याशिवाय मात्र एक ओळ लिहायचा नाही.

त्या दिवशी फळ्यावर होतं: दारूदुकान बंद करण्यासाठी महिलांची ग्रामसभा, दहा वाजता, शाळेत.

दुकानवाल्याची दोन माणसं मोटारसायकलवरून उतरली.

"मामा, पुसा ते. सभा रद्द झाली म्हणून लिवा."

"कागद दाखवा."

"आम्ही सांगतोय ना! कागद कशाला?" एकानं त्याची कॉलर धरली.

स्टँडवर आम्ही दहा-बारा जण होतो. सगळेच एसटी आली का ते बघू लागलो.

म्हाताऱ्यानं ओला खडू त्याच्याच हातात दिला. "घे, तूच लिव. माझ्या अक्षरात हे उमटणार नाय."

त्या टग्यानं सभेच्या ओळीखाली वेड्यावाकड्या अक्षरात 'सभा रद्द' लिहिलं आणि दोघं निघून गेले.

एसटीत चढून मी खिडकीतून पाहिलं. दोन बायका फळ्यापाशी थांबल्या होत्या.

"हे कुणी लिवलंय गं?" एकीनं विचारलं.

दुसरीनं अक्षराकडं नीट पाहिलं, पदर खोचला आणि शाळेकडं चालू लागली.