खांबाखालचे वडे

आमच्या आईला दोन गोष्टी अजिबात खपत नाहीत: शिळं तेल आणि "बघू". पहिली ती घरात येऊ देत नाही, आणि दुसरी ऐकून ती ग्रामपंचायतीतून हलत नाही.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. समोर विजेचा खांब आणि खांबाखाली आईची वड्यांची गाडी. संध्याकाळी कारखान्यांतून सुटलेली माणसं तिथं थांबून वडे खायची. मी बोईसरच्याच एका कंपनीत आहे. माझा पगार घराच्या हप्त्यात जातो आणि किराणा वड्यांवर चालतो. त्यामुळे पावसाळ्यात खांबावरचा दिवा गेला, तशी आमच्या डाळ-तांदळालाही झळ लागली. थंडीत दिवस लवकर मावळायला लागला आणि गाडी कोणाला दिसेनाच. आईनं चार्जिंगचा कंदील टांगला. त्यात जेमतेम कढई दिसायची. नेहमीची मोजकी माणसं तेवढी यायची.

तेल तर चढतच होतं. तरी आईनं वड्याचा भाव रुपयानंही वाढवला नाही. डब्याच्या सुट्टीत मी कंपनीत याची केवढी फुशारकी मारायचे!

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत आई उभी राहिली. मी मागच्या रांगेत, ओळख न दाखवण्याच्या बेतानं बसले होते.

"भाऊसाहेब, घरपट्टीत दिवाबत्तीचे पैशे घेता ना तुमी? मग माझा दिवा कुठं हाय?"

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांनी शांतपणे मोबाइल काढला. "मावशी, तुमच्या खांबावर नवा दिवा कधीच बसलाय. बिलही निघालं. हा बघा फोटो."

फोटोत खांब आमचाच होता आणि त्याच्या टोकाला झगझगीत उजेड. मीसुद्धा चक्रावले. आईनं मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले.

"भाऊसाहेब, हा सूर्य हाय. याची पट्टी आमी कदीच भरली नाय."

सभा हसून हसून बेजार झाली. मला इतका अभिमान वाटला की मी मागून उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. बिलातला दिवा खांबापर्यंत का पोचला नाही, असं कोणीतरी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "बघू."

आईनं मग रोज सकाळी पंचायतीच्या पायरीवर बैठक मारली. शेवटी एका संध्याकाळी दिवा लागला! तो दाखवायला भाऊसाहेब जातीनं आले, बाकड्यावर बसले आणि त्यांनी वडाही मागितला. मोटारसायकली थांबू लागल्या. आई कढईपाशी भलतीच खुशीत होती. तेवढ्यात एका नेहमीच्या कामगारानं वडा उजेडात धरून फिरवून बघितला.

"मौसी, ये पहले से छोटा हो गया है ना?"

माझ्या आईवर आळ? मी तावातावानं पुढे झाले, परातीतले वडे बघितले आणि पाऊल मागे घेतलं. वडे लिंबाएवढे होते. अंधारात ते हळूहळू आटत गेले होते आणि इकडे मी भाव न वाढल्याचा डंका पिटत होते.

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "बोला मावशी! आता तुमचा हिशोब द्या!"

आईचा झारा थांबला. इतकं भांडून आणलेल्या दिव्यापायीच आता उरलेली गिऱ्हाइकंही जातात की काय!

"हां, छोटा किया," ती त्या कामगाराला तिच्या हिंदीत म्हणाली. "तेल महंगा हो गया. भाव बढाती तो तुम लोग आते नहीं, ये डर था. लेकिन बताना चाहिए था मेरेको." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्यापासून वडा पहिल्यासारखा. भाव दोन रुपये जास्त. परवडलं तर या."

कामगार हातातल्या वड्याकडे बघून हसला. "आज छोटा है, तो दो और दे दो."

आईनं त्याच्या कागदावर दोन वडे ठेवले आणि ती बाकड्याकडे वळली.

"माझं सांगून झालं, भाऊसाहेब. आता तुमी सांगा. बिलातला दिवा इतके दिवस कुठं होता?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. भाऊसाहेबांच्या तोंडात वडा होता. एवढासाच वडा, पण त्यांना तो बराच वेळ पुरला.